लाल बटण सरकवलं अन् कॉम्प्युटर उडाला

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या कॉम्प्युटरचीही धूळ झटकली जाते. मागच्या बाजूला, वायर लावतात तिथं, एक बारीक लाल बटण दिसतं. चालू-बंदचं समजून कुणीतरी ते सरकवतं. प्लग लावून वीज सोडली की फटाक्यासारखा आवाज, धूर आणि करपल्याचा वास.

हे बटण चालू-बंदचं नाहीच. जुन्या बऱ्याच पॉवर सप्लायवर ते असतं, त्यावर २३० किंवा ११५ असा आकडा दिसतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. बटण ११५ वर गेलं की आतलं सर्किट आलेला दाब दुप्पट करतं. आपल्या २३० ची वीज डीसी झाल्यावर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जाते. तिची दुप्पट साडेसहाशे. आतले दोन मोठे कपॅसिटर साधारण २०० व्होल्टचेच असतात. ते फुटतात, फ्यूज उडतो.

जिवाचा धोका इथून पुढं आहे. घरातलं हुशार पोरगं तो डबा उघडतं, फ्यूजच्या जागी तार बांधतं. मोटारीच्या पेटीत चालतं म्हणे! (चालत तिथंही नाही.) प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. तिचा झटका जीव घेऊ शकतो. म्हणून जळालेला डबा उघडू नका, दुकानातून अख्खा बदलून घ्या.

लग्नाचे फोटो, हिशेब असलेली हार्ड डिस्क बऱ्याचदा वाचते. ती आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तपासायला सांगा. त्याआधी फॉरमॅट मारू देऊ नका.