गुहेतली यादी : ‘नाही’ कधी लिहायचं आणि ‘पाहिलं नाही’ कधी

कोहमारा हा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा फाटा. इथून एक रस्ता गोंदियाकडे वळतो. तिकडे न वळता महामार्गानेच पूर्वेला देवरीपर्यंत गेलं आणि पुढे आमगावमार्गे सालेकसा गाठलं, की दरेकसा भागातल्या डोंगरात कचारगडची गुहा लागते. पारी कुपार लिंगो आणि काली कंकाली यांचं हे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातूनच नव्हे, तर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही गोंड भाविक इथे येतात.

अशा गुहेचं सर्वेक्षण करायचं ठरलं, तर लांबी-रुंदी मोजून नकाशा काढला की काम संपत नाही. आत काय आहे, नेमकं कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे याची यादीही लागते. नकाशा चुकला तर रेषा जुळत नाहीत, म्हणून चूक कळते. यादी चुकली तर कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून तिची शिस्त आधी ठरवून घ्यावी लागते.

जागा आधी, वस्तू मागून

सर्वेक्षक गुहेत ओळीने ठरावीक बिंदू धरतात. त्यांना स्टेशन म्हणतात. एका स्टेशनवरून पुढचं दिसलं पाहिजे. दोन स्टेशनांमधलं अंतर टेपने किंवा लेझर मीटरने, दिशा होकायंत्राने आणि चढ-उतार क्लिनोमीटरने मोजतात. दिशा पुढे बघून आणि मागे वळून अशी दोनदा घेतात. दोन्ही वाचनांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजतात. पुष्कळदा गुन्हेगार डोक्यावरच्या दिव्याची बॅटरी किंवा खिशातली लोखंडी वस्तू असते.

यादीतली प्रत्येक नोंद या स्टेशनांना बांधायची. ‘मोठ्या दालनात उजवीकडे’ असं लिहून भागत नाही, कारण बाहेर येताना उजवं ते डावं होतं. तोंडातून आत जाताना जी डावी ती डावी, हा नियम शेवटपर्यंत एकच ठेवायचा. मोजण्याच्या गडबडीत यादी मागे पडते, म्हणून ती लिहिणारा माणूस वेगळा असलेला बरा.

आतच लिहायचं

ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनच्या पद्धतीत सर्वेक्षणाला दोन खुणा मिळतात : मोजणीच्या रेषेच्या अचूकतेसाठी आकडा आणि तपशिलासाठी अक्षर. तपशील बाहेर येऊन आठवणीने भरला असेल, तर त्याला सगळ्यांत खालचं अक्षर ‘ए’ मिळतं, मग रेषा कितीही काटेकोर असो. अंधार, दमटपणा आणि थकवा यांमुळे दोन वेगळ्या कोपऱ्यांतल्या गोष्टी मनात एकमेकींत मिसळतात. त्यामुळे पाण्याने न भिजणारा कागद, पेन्सिल आणि आधीच छापलेला तक्ता सोबत हवा.

तक्त्यात ‘पुष्कळ’ आणि ‘थोडे’ यांना जागा ठेवू नये. एकाचे पुष्कळ ते दुसऱ्याचे थोडे. त्याऐवजी १, २ ते १०, ११ ते १००, १०० हून जास्त असे गट आत शिरण्याआधीच ठरवावेत.

दिसलं ते वेगळं, वाटलं ते वेगळं

समजा, भिंतीवर एक काळा डाग आहे. घाईतला माणूस ‘काजळी’ लिहून पुढे जातो. पण तो डाग वटवाघळांच्या अंगाच्या तेलकटपणाने पडलेला असू शकतो, मँगनीजचा थर असू शकतो, ओलीवर वाढलेलं शेवाळही असू शकतं. नोंद अशी हवी :

‘स्टेशन ४ ते ५, डावी भिंत, जमिनीपासून १.६ मीटर. काळा, कोरडा थर, सुमारे ४० × ३० सेंमी. बरोबर खाली दिवा ठेवण्याची सपाट जागा. फोटो ११. अंदाज : काजळी.’

अंदाज लिहायला हरकत नाही, पण त्याचा रकाना वेगळा. उद्या कुणी तो खोडला, तरी निरीक्षण शाबूत राहतं. खडकाचंही तसंच. गुहा म्हटलं की चुनखडी, लवणस्तंभ असं मनात येतं. पण गोंदिया जिल्हा मुख्यतः फार प्राचीन खडकांचा आहे. छतावरून लोंबणारं प्रत्येक टोक चुनखडीचं नसतं. ओळख पटली नसेल तर रंग, आकार, ओल आणि मोजमाप लिहून थांबावं.

रिकामा रकाना काहीच सांगत नाही

तक्त्यात ‘वटवाघळं’ हा रकाना कोरा आहे. म्हणजे वटवाघळं नव्हती, की वर उजेडच टाकला नाही? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येक रकान्यात तीनपैकी एक खूण हवीच : आहे, शोधलं पण नाही, पाहिलं नाही. तिसऱ्या खुणेपुढे कारणही लिहायचं. छत उंच होतं, पुढची फट अरुंद होती, पिलांचा काळ असल्याने वटवाघळांच्या वस्तीजवळ गेलो नाही. ही कारणं म्हणजे पुढच्या चमूसाठी कामाची यादीच. वटवाघळांची मोजदादही टॉर्च मारून आत करू नये; संध्याकाळी ती बाहेर पडतात तेव्हा तोंडाशी बसून करावी.

कचारगडसारख्या ठिकाणी या तिसऱ्या खुणेला आणखी एक अर्थ आहे. देवस्थानाच्या मांडणीला काय म्हणायचं, फोटो कुठे काढायचा नाही, हे तिथले भुमका (गोंड पुजारी) आणि गावकरी सांगतील. त्यांनी नको म्हटलं तर ‘पाहिलं नाही, विनंतीवरून’ एवढंच लिहायचं. अंदाजाने भरलेल्या नोंदीपेक्षा ही नोंद जास्त अचूक असते. वनखात्याची परवानगीही अर्थात आधीच घ्यायची.

अशी यादी किती टिकते याचा दाखला मेघालयात आहे. गारो टेकड्यांमधल्या सिजू गुहेत भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या स्टॅनली केम्प आणि बी. चोप्रा यांनी १९२२ मध्ये प्राण्यांची पद्धतशीर नोंद केली. १९२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात शंभरावर प्रकारचे प्राणी होते. त्या गुहेत आज काय बदललं हे विचारणाऱ्याला अजूनही तिथूनच सुरुवात करावी लागते.

कचारगडला तर दर माघात हजारो पावलं उमटतात. यात्रेच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन याद्या त्याच स्टेशनांवर, त्याच तक्त्यात घेतल्या, तर काजळी वाढली का, वटवाघळांनी जागा सोडली का, कचरा कुठे साचतो, याची उत्तरं वाद न घालता मिळतील. मात्र पहिल्या यादीत कोरे रकाने असतील, तर दुसरी कितीही काळजीपूर्वक घेतली तरी तुलना होणार नाही.