गवत कापण्याच्या यंत्राचा निसटणारा पट्टा

आपल्या समाजांतील पुष्कळ कुटुंबांत एखादा तरी मुलगा, जांवई अगर पुतण्या हल्लीं अमेरिकेंत संसार थाटून राहिलेला असतो, आणि घरचीं वडील माणसें उन्हाळ्याचे चार-सहा महिने त्याच्याकडे जाऊन राहतात. तिकडे घराभोंवतीं अर्धा-पाऊण एकर हिरवळ असणें ही नवलाची गोष्ट नाहीं. ही हिरवळ केवळ शोभेची बाब नव्हे. शेजारधर्माचा तो एक भाग मानला जातो. न्यूयॉर्कनजीक १९४७ सालीं लेव्हिटाउन ही वसाहत उभी राहूं लागली, तेव्हां घरमालकानें दर आठवड्यास गवत कापलेंच पाहिजे अशी अट तेथें घालण्यांत आली होती. आजहि अनेक गांवांच्या नगरपालिका ठराविक इंचांपेक्षां उंच वाढलेल्या गवताबद्दल घरमालकास नोटीस देतात. एवढें गवत हातानें ढकलावयाच्या यंत्रानें कापावयाचें म्हणजे अख्खा रविवार खर्चीं पडतो. म्हणून लहानशा ट्रॅक्टरासारखें दिसणारें, वर बसून चालवावयाचें यंत्र पुष्कळांच्या घरीं असतें. त्यास तिकडे रायडिंग मोअर म्हणतात.

हें यंत्र उपयुक्त खरें. परंतु त्यास एक चिवट रोग जडतो. गवत कापतां कापतां पात्यांचा पट्टा पुलीवरून निसटून खालीं पडतो. तो पुन्हां चढवावा, तर दहा मिनिटांनीं पुन्हां तीच गत! आमच्या चिरंजीवांकडील यंत्रानें एका मोसमांत तीन पट्टे खाल्ले. जवळच्या दुरुस्तीवाल्यानें प्रत्येक वेळीं नवा पट्टा चढविला, पैसे घेतले, आणि आतां निसटणार नाहीं असें आश्वासन दिलें. पट्टा नवा, पण रोग जुनाच राहिला. अशा वेळीं यंत्र विकून टाकावें किंवा नशिबास बोल लावावा, एवढे दोनच मार्ग पुष्कळांस दिसतात. शांतपणें विचार करण्याचा तिसरा मार्गहि आहे, आणि तोच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम यंत्राची रचना ध्यानांत घेऊं. यंत्राच्या पोटाखालीं पोलादी पत्र्याची एक मोठी उपडी परात टांगलेली असते. तिला डेक म्हणतात. ४२ इंच रुंदीच्या डेकमध्यें बहुधा दोन पातीं असतात. त्याहून बऱ्याच रुंद डेकमध्यें तीन. प्रत्येक पातें एका उभ्या आंसाच्या खालच्या टोंकास घट्ट बसविलेलें असतें. हा आंस बेअरिंगांत फिरतो, आणि त्याच्या वरच्या टोंकास पुली असते. एंजिनाखालीं आणखी एक पुली असते. एकच लांब पट्टा या सर्व पुलींभोंवतीं फिरून एंजिनाची गति पात्यांस पोंचवितो. चाकांना गति देणारा पट्टा निराळा. त्याचा येथें संबंध नाहीं. पट्ट्याच्या वाटेंत एक-दोन मोकळ्या पुलीहि असतात. त्या स्वतः कांहीं फिरवीत नाहींत. त्यांपैकीं एक स्प्रिंगनें ओढून धरलेल्या भुजेवर बसविलेली असून पट्टा ताणून धरणें हें तिचें काम. तिला आपण ताणपुली म्हणूं. शेवटीं, ठिकठिकाणीं पुलीच्या अगदीं लगत लोखंडी सळईचे आंकडे असतात. पट्टा क्षणभर ढिला पडला तरी त्यानें खांचेबाहेर उडी मारूं नये, म्हणून ठेविलेले हे राखणदार होत.

पट्टा पुलीवर टिकतो तरी कां? पिठाच्या जुन्या गिरणींतील रुंद सपाट पट्टा सर्वांनीं पाहिलेला आहे. त्याची पुली मधोमध किंचित् फुगीर असते, आणि फिरता सपाट पट्टा आपण होऊन त्या फुगवट्यावर चढून मध्यभागीं राहतो. गवताच्या यंत्राचा पट्टा तसा नसतो. त्याचा छेद पाचरीसारखा, वर रुंद व खालीं निमुळता असतो, आणि तो पुलीच्या तशाच खांचेंत रुतून बसतो. अशा रबरी पट्ट्याची रचना अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं जॉन गेट्स यानें १९१७ सालीं केली. खांचेच्या दोन बाजूंमधील कोन सुमारें ३८ अंशांचा असतो, आणि पाचर ज्याप्रमाणें लांकडांत आवळत जाते त्याप्रमाणें पट्टा खांचेंत आवळला जातो; त्यामुळें सपाट पट्ट्याच्या मानानें त्याची पकड जवळजवळ तिप्पट होते. परंतु या पकडीस दोन अटी आहेत. पट्ट्यावर ताण कायम असला पाहिजे, आणि सर्व पुली एकाच पातळींत असल्या पाहिजेत. पट्टा निसटला म्हणजे या दोहोंपैकीं एक अट मोडली, किंवा मध्यें कांहीं परकी वस्तु शिरली, असें निश्चित समजावें.

न्यायशास्त्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. नदीस पूर आलेला पाहून वरच्या प्रदेशांत पाऊस झाला असावा असें ताडणें, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणें, हें शेषवत् अनुमान. निसटलेला पट्टा हा नदीचा पूर आहे. पाऊस दुसरीकडेच पडला आहे. जो मनुष्य केवळ पट्टा बदलतो तो पुराचें पाणी घागरीनें उपसतो.

मात्र शोधास आरंभ करण्यापूर्वीं एक नियम कांटेकोरपणें पाळला पाहिजे. यंत्र सपाट जागीं उभें करावें, हातब्रेक लावावा, एंजिन बंद करून किल्ली काढून खिशांत ठेवावी, आणि स्पार्क प्लगची तार काढून बाजूस करावी. पातीं पूर्ण थांबलीं आहेत व एंजिन निवालें आहे याची खात्री करून मगच जाड हातमोजे घालून हात लावावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखालीं कधींहि शिरूं नये. शक्य तर डेकच काढून बाहेर घ्यावा. बहुतेक यंत्रांत तो थोड्याच खिळी काढून मोकळा होतो. ताणपुलीची स्प्रिंग जोरकस असते. ती निसटली तर बोट चेंगरण्यास क्षणहि लागत नाहीं. अमेरिकन मानकाप्रमाणें पात्याच्या टोंकाच्या वेगास मिनिटास १९,००० फुटांची, म्हणजे ताशीं सुमारें ३५० किलोमीटरांची, मर्यादा घातलेली आहे. या एका आंकड्यावरून सावधगिरीचें महत्त्व कोणाहि सुज्ञाच्या ध्यानांत येईल.

आतां पडलेला पट्टा हातांत घेऊन पाहावा. तो पुष्कळ कांहीं सांगतो. त्याची एकच कड झिजून सुतें निघालीं असतील, तर कोठें तरी पुली तिरकी आहे किंवा आंकड्यास घांसत आहे. दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर ताण कमी पडून पट्टा घसरत होता. एकाच जागीं जळाल्याचा डाग असेल, तर एखादी पुली अडकून बसली असतां एंजिनाची पुली त्याच जागीं फिरत राहिली. आडवे तडे पडले असतील, तर पट्ट्याचें आयुष्य संपलें. पट्टा उलटा झालेला सांपडला, तर काडी-कचरा खांचेंत शिरला किंवा पट्ट्याची वाट चुकली असा संशय घ्यावा.

पट्टा केव्हां निसटतो हेंहि टिपून ठेवावें. पातीं सुरूं करतांच निसटत असेल, तर ताणपुली व तिची स्प्रिंग यांकडे पाहावें. खांचखळग्यांत हादरा बसतांच निसटत असेल, तर डेकची टांगणी किंवा ढिलीं बेअरिंगें यांचा संशय घ्यावा. डेक अगदीं खालीं अगर अगदीं वर नेला असतांच निसटत असेल, तर एंजिनाची पुली व डेकवरील पुली यांच्या पातळींतील अंतर प्रमाणाबाहेर वाढत आहे. दाट ओल्या गवतांतच निसटत असेल, तर दोष यंत्राचा असण्यापेक्षां चालविण्याच्या रीतीचा असण्याचा संभव अधिक.

यानंतर तपासणी पुढील क्रमानें करावी. ज्यास खर्च नाहीं तें प्रथम, व खर्चाचें शेवटीं, हा साधा व्यवहार येथेंहि लागू पडतो.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. डेकच्या वर व खालीं सांचलेलें वाळकें गवत, काटक्या व चिखल खरवडून काढावा. पुलीच्या खांचेंत घट्ट बसलेला गवताचा थर पट्ट्यास वर उचलून धरतो, व तेवढ्यानेंहि तो निसटतो.

दुसरी गोष्ट वाटेची. यंत्राच्या माहितीपुस्तकांत अगर डेकवर चिकटविलेल्या आकृतींत पट्ट्याचा मार्ग दाखविलेला असतो. त्याच्याशीं तो बोटानें ताडून पाहावा. पट्टा प्रत्येक आंकड्याच्या आंतून गेला पाहिजे, बाहेरून नव्हे. वांकलेला आंकडा सरळ करावा. हरवलेला नवा घालावा.

तिसरी गोष्ट ताणपुलीची. ती हातानें फिरवावी. खरखर आवाज आला किंवा ती डगमगली तर तिचें बेअरिंग गेलें. मग तिची भुजा हलवून पाहावी. भुजा सहज मागें-पुढें सरकली पाहिजे, पण वर-खालीं हलतां कामा नये. गंजून अडकली असेल तर साफ करून तेल द्यावें. खिळीचें भोंक झिजून लंबगोल झालें असेल तर तेथील बुश बदलावा. स्प्रिंग लांबली अगर चुकीच्या भोंकांत अडकविली असली तरी ताण कमी पडतो.

चौथी गोष्ट पात्यांच्या आंसांची. पातें टोंकाशीं धरून वर-खालीं हलवावें. खडखड हलल्यास आंसाचीं बेअरिंगें झिजलीं, किंवा आंसाचें घर डेकवर धरून ठेवणारे बोल्ट ढिले झाले. त्या घरास तडा गेला आहे काय हेंहि पाहावें. पातें दगडावर अगर मुळावर आपटून वांकलें असेल, तर त्याच्या थरथरीनें चांगलीं बेअरिंगेंहि बिघडतात. पातें काढून मधल्या भोंकानें खिळ्यावर टांगावें; जी बाजू खालीं जाईल ती जड. धार लावतांना त्या बाजूनें धातु थोडी अधिक घांसावी.

पांचवी गोष्ट डेकच्या टांगणीची. चाकांतील हवा दोन्ही बाजूंस सारखी करून, फरशीवर, पात्याच्या टोंकापासून जमिनीचें अंतर मोजावें. डावी-उजवी बाजू समान असावी. पुढील टोंक मागच्यापेक्षां किंचित्, बहुधा पाव इंचापर्यंत, खालीं असावें. नेमकें माप माहितीपुस्तकांतून घ्यावें.

सहावी व शेवटची गोष्ट खुद्द पट्ट्याची. दुकानांत स्वस्त मिळणारा, दिसावयास तसाच पट्टा चालेल असें समजूं नये. वरची रुंदी १/२ इंच की ५/८ इंच, यांत फार अंतर आहे. लांबींतील एका इंचाचा फरकहि ताणपुलीची सगळी मेहनत वायां घालवितो. पुष्कळ यंत्रांच्या मूळ पट्ट्यांत अरॅमिड नांवाच्या बळकट तंतूंचे दोर असतात, कारण पातीं सुरूं होतांना पट्ट्यास मोठा हिसका बसतो. यंत्राच्या क्रमांकाप्रमाणेंच पट्टा मागवावा.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हेंहि विसरूं नये. चार वस्तु एकदम बदलल्या आणि पट्टा टिकला, तरी दोष कोणता होता हें अज्ञातच राहतें. तें असतां हें असतें आणि तें नसतां हें नसतें, या अन्वयव्यतिरेकानें ठरलेलें कारणच खरें कारण. चिरंजीवांच्या यंत्रांत पट्ट्याची एकच कड झिजलेली होती, आणि हादरा बसला कीं तो निसटत असे. साफसफाई झाली, आंकडे तपासले. शेवटीं ताणपुलीच्या भुजेचा बुश झिजलेला आढळला. भुजा खालीं कलत होती, व पट्टा हळूहळू खांचेबाहेर येत होता. त्या बुशाची किंमत एका पट्ट्याहूनहि कमी पडली, आणि राहिलेल्या मोसमांत पट्टा जागचा हलला नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुटीच्या दिवशीं नातवंडास मांडीवर घेऊन या यंत्रावर फेरी मारण्याची हौस अनेक आजोबांस होते. मूल रडूं लागलें कीं घरचींच माणसें तसा आग्रहहि धरतात. हा लाड जीवघेणा आहे. मूल मांडीवरून घसरून पडण्यास एक धक्का पुरे, आणि खालीं पातीं फिरत असतात. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा स्पष्ट उपदेश आहे कीं, १६ वर्षांखालील मुलानें असें यंत्र चालवूं नये, आणि कोणत्याहि मुलास त्यावर सोबत बसवूं नये. गवत कापलें जात असतां लहान मुलांस घरांतच ठेवावें. यंत्र मागें घेण्यापूर्वीं खालीं व मागें नीट वळून पाहावें. चालक बैठकीवरून उठतांच एंजिन बंद पाडणारा स्विच या यंत्रांत असतो. पट्टा वारंवार चढवावा लागतो म्हणून कंटाळून तो स्विच तारेनें निकामी करणारे लोक आढळतात. अशांच्या हातीं यंत्र देऊं नये. आणि घरांतील तरुणानें तसें केल्याचें दिसल्यास वडील माणसांनीं संकोच न करितां तें तेव्हांच पूर्ववत् करावयास लावावें.

परदेशीं मुलाच्या घरीं आपणांस कांहींच काम नाहीं, तेथील यंत्रें आपणांस कळावयाचीं नाहींत, असें मानून पुष्कळ वडील मंडळी खिडकींत बसून दिवस मोजतात. वस्तुतः मुलांजवळ वेळ नसतो आणि आपणांजवळ तोच भरपूर असतो. पट्टा चढविण्याचें कष्टाचें काम तरुण हातांनीं करावें. कड कोठें झिजली, आवाज केव्हां झाला, मागच्या वेळीं काय बदललें, हें वहींत टिपून ठेवण्याचें काम आपण करावें. घरांतील एका माणसाचें बळ आणि दुसऱ्याची सवड एकत्र आली, म्हणजे यंत्रहि सुधारतें आणि नातवंडेंहि सुरक्षित राहतात.