जुन्या लुगड्याची बाहुली, उसवलेल्या स्वेटरचा चेंडू

चोपडा परिसरात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवण्याची रीत घरोघरची. गोधडीतून उरलेल्या चिंध्यांची मुलांसाठी सुंदर खेळणी होतात. पुण्याच्या 'आयुका'तील विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी करून दाखवली; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भगिनींनो, आपल्याला फक्त सुईदोरा हवा.

बाहुली : कापड धुऊन कडक उन्हात वाळवा. सुलट बाजू आत ठेवून घडी घाला, खडूने आकृती काढा, शिवणीपुरती जागा सोडून कापा. उलटी टीप घालून शिवा. दोन बोटे जागा उघडी ठेवा. उलटवून कापूस भरा, तोंड शिवा. शेतातला कापूस असेल तर सरकी आधी काढा.

चेंडू : जुन्या स्वेटरची लोकर उसवून लडी करा. कोमट पाण्यात भिजवून, खाली वजन बांधून वाळवा; वळ्या सुटतात. सुलट टाक्यांची पट्टी विणा, कडा जोडून नळी करा. एक टोक आवळा, चिंध्या भरा, दुसरे आवळा.

सर्वांत महत्त्वाचे : तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याला बटण, मणी, टिकली लावू नका. निघालेले बटण मूल तोंडात घालते; ते श्वासनलिकेत अडकले तर जिवावर बेतते. डोळे रंगीत दोऱ्याने भरा. खेळायला देण्यापूर्वी प्रत्येक शिवण ओढून पाहा.

मुलगा असो वा मुलगी, सात-आठ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून शिवायला शिकवा. मग फाटलेली बाहुली ते स्वतःच शिवेल.