टाकीत उतरणारी माणसं

मिरजगावच्या शिवारात पाइपलाइन फुटली की कारागिराची वाट कोण बघतो? फुटका तुकडा करवतीनं कापायचा, टोक तुराट्यांच्या जाळावर फिरवत धरायचं आणि मऊ पडलं की त्यात दुसरा पाइप दाबायचा. साधारण 80 अंश सेल्सिअसला पीव्हीसी मऊ पडतं, गार झालं की पुन्हा कडक. टोक जाळात जास्त वेळ राहिलं तर काळं पडतं आणि नाकाला झोंबणारा धूर निघतो. तो हायड्रोजन क्लोराइडचा. पीव्हीसीच्या वजनात 57 टक्के क्लोरीन असतो आणि तो मिठापासून काढतात.

हा पाइप ज्या पांढऱ्या पावडरीचा, ती व्हिनाइल क्लोराइड नावाच्या गोडसर वासाच्या वायूपासून बनते. पोलादी टाकीत पाण्यासोबत दाबाखाली ठेवला की या वायूचे रेणू साखळीत जोडले जातात. पण थोडा माल टाकीच्या भिंतीला चिकटतो. दर काही खेपांनंतर ती खरपुडी काढावी लागे, आणि त्यासाठी माणूस आत उतरे. हातात छिन्नी-हातोडा, आणि खरपुडीत अडकलेला वायू थेट नाकाशी. चक्कर येई, म्हणून अमेरिकेत हवेत दहा लाख भागांमागे 500 भागांची मर्यादा ठरली होती. म्हणजे माणूस शुद्धीवर राहिला की काम सुरक्षित!

साठच्या दशकात डॉक्टरांना या सफाईवाल्यांच्या बोटांच्या टोकाची हाडं विरघळताना दिसली. तरी काम चालूच. त्याच दशकात आपल्याकडे चेंबूरला कॅलिको आणि ठाण्याजवळ नोसिल पीव्हीसी बनवू लागले होते.

मग जानेवारी 1974 मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या, पीव्हीसी बनवणाऱ्या गुडरिच कंपनीनं कळवलं, की तिचे तीन कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमानं दगावले. हा कर्करोग इतका दुर्मीळ, की एकाच कारखान्यात तीन म्हटल्यावर योगायोग म्हणायची सोय उरली नाही. फुप्फुसाचा असता तर बिडी-सिगारेटवर ढकलून मोकळे झाले असते, असं मला वाटतं. इटलीत संशोधक मालतोनी यांच्या प्रयोगात व्हिनाइल क्लोराइड हुंगवलेल्या उंदरांनाही तोच कर्करोग झाला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली मर्यादा 500 वरून 1 वर आली. धंदा बुडेल, अशी ओरड कारखानदारांनी केली. प्रत्यक्षात जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं टाकी बाहेरूनच धुता येऊ लागली, भिंतीला माल चिकटू नये म्हणून लेप निघाले, आणि धंदा वाढला.

भारतात भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1987 साली, कारखाना कायद्यात घातक रसायनांच्या मर्यादांची अनुसूची जोडली गेली. त्यात व्हिनाइल क्लोराइडही होतं.

पाइप ओढणाऱ्या कारखान्यांत हा वायू जवळजवळ नसतो. तिथली अडचण त्या झोंबणाऱ्या धुराचीच. साच्यातून ओढताना पावडर 180 अंशांच्या आसपास तापते, तेव्हा तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटू नये म्हणून स्थिरक मिसळावा लागतो. आपल्याकडे तो वर्षानुवर्षं शिशाचा असे, आणि त्याची धूळ पहिल्यांदा जाई ती मिक्सरमध्ये पोती रिकामी करणाऱ्याच्या नाकातोंडात. पाइपातलं हे शिसं हटवण्याचे नियम केंद्र सरकारनं 2021 मध्ये काढले, तेही मुख्यतः पाणी पिणाऱ्यांच्या काळजीपोटी.