दोघांची एकवीस वर्षं

दर महिन्याच्या मध्याच्या सुमारास परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन निघतं. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघावी, तसं ते आमच्या घरी बघितलं जातं. चंद्र निदान उगवतो तरी! आमची तारीख मार्च २०१७ची. बुलेटिनातली तारीख कधी चार-सहा आठवडे पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, तर कधी चक्क मागे जाते.

गणपतीत मंडळातले एक काका हमखास विचारतात, "काय रे, झालं का तुझं?" काका सत्तरच्या दशकात आले. तेव्हा १९६५चा कायदा नवा होता, भारतातून येणारे मोजके. काका ग्रीन कार्डाची सोय करूनच विमानातून उतरले. त्यांना मनातून वाटतं, मीच कुठला तरी फॉर्म चुकीचा भरलाय.

फॉर्म बरोबर आहेत. १९९०च्या कायद्याने नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवली आणि त्यातच बायकामुलंही मोजली. शिवाय कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. चिमुकल्या आइसलँडलाही तीच, भारतालाही तीच. आणि देश म्हणजे पासपोर्टाचा नव्हे, जन्माचा. माझ्या एका मित्राचे वडील कुवेतमध्ये नोकरीला होते, तो तिथे जन्मला. सातारचा मराठी माणूस, कागदावर कुवेतचा, आणि दोन-अडीच वर्षांत मोकळा! वडिलांची पुण्याई म्हणतात ती अशीही असते.

"मग तुम्ही लोक आवाज का उठवत नाही?" हा काकांचा पुढचा प्रश्न. उठवला होता की! जुलै २००७मध्ये नोकरीच्या जवळजवळ सगळ्या वर्गांच्या तारखा खुल्या झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी धावपळ करून मेडिकल, फोटो, जन्मदाखले जमवले, आणि २ जुलैला कळलं की व्हिसा संपले. 'लगे रहो मुन्नाभाई' तेव्हा ताजा होता. आपल्या लोकांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावे शेकडो पुष्पगुच्छ धाडले. त्यांनी ते लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांकडे पाठवून दिले. १७ जुलैला निर्णय फिरला. मी तेव्हा एम.एस. आणि थोडीफार नोकरी करून पुण्याला परतायची बांधाबांध करत होतो, कारण आई आजारी होती. हे सगळं गंमत म्हणून वाचलं.

थोरली पुण्यात झाली, २००९ साली. २०१३ला आम्ही परत आलो, ती चार वर्षांची. धाकटा २०१५चा, न्यू जर्सीचा. एकाच टेबलावर वरणभात खाणारी ही दोन मुलं. धाकटा एकवीसचा झाला की आईबापांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकेल. थोरली एकवीसची झाली की आमच्या अर्जातून बाद, आणि एच-४ही संपला. मग तिने विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, आणि शिक्षण झाल्यावर मायदेशी परतायचा इरादा आहे असं दाखवायचं. तिला बहिणाबाई म्हणून भाऊरायालाही अर्ज करता येईल. पण भावंडांच्या वर्गातली भारताची रांग आत्ताच दीड-दोन दशकांची आहे.

माझ्या बढत्यांचं मी फारसं मनाला लावून घेत नाही. कामाचं स्वरूप बदललं तर लेबरपासून पुन्हा सुरुवात, म्हणून दोनदा नको म्हणालो. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आज माझा साहेब आहे, चांगला आहे. बायकोची नोकरीशिवाय गेलेली वर्षंही आता आम्ही बोलून दाखवत नाही. बोचतं ते वेगळंच.

२००२च्या कायद्यात मुलांसाठी एक सवलत आहे. कंपनीचा आय-१४० अर्ज जितके दिवस मंजुरीवाचून पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करतात. आमचा पडून राहू नये म्हणून मी स्वतःच्या खिशातून जादा फी भरली. अकरा दिवसांत मंजूर! त्या संध्याकाळी घरी श्रीखंड केलं होतं. आता हिशेब असा, की थोरलीच्या वयातून वजा अकरा दिवस. फी भरली नसती, अर्ज वर्षभर धूळ खात पडला असता, तर वर्षभर मिळालं असतं. मी इंजिनिअर माणूस, एवढा साधा हिशेब आधी कसा केला नाही? थोरलीने तो परवा स्वतःच वाचून काढला. मला काही म्हणाली नाही.

वकीलबाई म्हणतात, विद्यार्थी व्हिसासाठी भारतातल्या घरादाराची कागदपत्रं आत्तापासून गोळा करून ठेवा. रविवारी थोरली फाइल घेऊन माझ्यासमोर बसली. "बाबा, आपलं तिकडचं घर म्हणजे आजीचंच ना? पत्ता सांग." मी सवयीने सदाशिव पेठेतला सांगायला लागलो, पिन कोडसकट. तिने लिहूनही घेतला. आई गेल्यावर २०१९मध्ये ते घर आम्ही विकलं, हे तिला पुन्हा सांगावं लागलं.