शिजलेल्या अन्नाची जात

'अन्नाला जात नसते' हे वाक्य अलीकडे फार सहजपणे उच्चारले जाते. दुसऱ्यांचे पदार्थ चाखून पाहणे ही सुशिक्षितांची आवड झाली आहे आणि या आवडीलाच समता समजण्याची प्रवृत्तीही वाढते आहे. पेण-रोह्याच्या परिसरात रोजच्या स्वयंपाकाचा व्यवहार कसा चालतो हे पाहिले, तर या समजुतीची तपासणी करता येईल. मी याच परिसरात राहते; सकाळी पेणहून गाडी धरून रोह्याला शिकवायला जाते. त्यामुळे पुढील विवेचनाला पुस्तकांइतकाच घरच्या चुलीचा आणि हातातल्या डब्याचा आधार आहे.

इथले अन्न मुळात कोणा एका जातीचे नाही. ते इथल्या जमिनीचे आणि खाडीचे आहे. पावसाळ्यात भात होतो. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतात. उन्हाळ्यात मासळी सुकवून ठेवली की पावसाळ्याचे चार महिने निघतात. म्हणून तांदळाची भाकरी, वाल, सुकट, बोंबील आणि परवडेल तेवढा नारळ, एवढ्यावर आगरी, कोळी, कुणबी, मुसलमान, कायस्थ प्रभू आणि आम्ही बौद्ध अशा सर्वांची स्वयंपाकघरे चालत आली. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, हे काम सगळ्या घरांत बाईचेच आणि सगळीकडे सारखेच वेळखाऊ. फरक पडतो तो वाटणात. माझी आई कांदा, लसूण आणि मिरचीवर भागवी. ऐपतीच्या घरी त्याच वालात नारळ पडे. पण मुंबईत बिरडे 'सीकेपी पदार्थ' म्हणून नावाजले गेले आणि आमच्या घरचे नुसते 'वालाचे कालवण' राहिले. थंडीत शेताच्या बांधावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून लावली जाणारी पोपटी आता शहरातल्या पाहुण्यांसाठी पैसे घेऊन लावली जाते. पदार्थ कोण रांधतो यापेक्षा त्याला प्रतिष्ठेचे नाव कोण देतो, यावर त्याची मालकी ठरते.

याच भूमीत बेने इस्रायली समाज शतकानुशतके राहिला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणला त्यांचे प्रार्थनालय आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. दूध आणि मांस एकत्र न करण्याचा त्यांचा धर्मनियम. त्यावर कोकणाने त्यांना नारळाच्या दुधाची वाट दिली. नवसाच्या आणि मंगलप्रसंगीच्या त्यांच्या 'मलिद्या'त भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे असतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा त्यांचा जो उपासाचा दिवस, त्याला त्यांनी आपल्या मराठीत 'बिरड्याचा सण' म्हटले. परक्या धर्माने इथले अन्न किती सहज आपलेसे केले, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही. परंतु याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग पडले होते. प्रार्थना एका छपराखाली होई, पण त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता आणि जेवणाची भांडीही वेगळी ठेवली जात. ज्यांच्या धर्मग्रंथात वर्णव्यवस्था नाही, त्यांनीही इथल्या पोह्यांबरोबर इथली विषमता उचलली. अन्नाची देवघेव झाली म्हणजे जात सुटते, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

मग जात अन्नात नेमकी शिरते कुठे? रोटीव्यवहाराचे जुने नियम पाहिले म्हणजे उत्तर सापडते. कोरडा शिधा बाटत नसे. आमच्या आजोबांनी चिखलात उभे राहून लावलेले भात ज्याच्या कणगीत जाई, त्याच्या घरात ते कधी अपवित्र ठरले नाही. त्याच तांदळात आमच्या आजीने पाणी घालून भात शिजवला असता, तर तो मात्र अस्पृश्य ठरला असता. दाणा चालत होता, शेण चालत होते, सरपण चालत होते. पाणी आणि विस्तव यांचा स्पर्श झाला की व्यवहार थांबत होता. म्हणजे शेतातली मेहनत घ्यायची आणि शिजवणाऱ्या हाताचे माणूसपण नाकारायचे, अशी ही रेषा आखलेली होती.

ती रेषा आजही पुसलेली नाही. पावसाच्या तोंडावर कातकरी आणि ठाकूर बाया रानातून शेवळे आणतात. शेवळे खाजते, त्यात काकडाची फळे घालावी लागतात. ते रानात केव्हा आणि कुठे उगवते हे त्या बायांना ठाऊक असते. बाजारातले वाटे हातोहात खपतात आणि वर्षातून एकदा तरी ही भाजी घरी झालीच पाहिजे असा पुष्कळ घरांचा आग्रह असतो. भाजी ओट्यापर्यंत जाते. ती आणणारी बाई बाजारातल्या रस्त्याच्या कडेलाच राहते. तिच्या घरी त्या दिवशी काय शिजले, हे तिला कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

पाण्याचा हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात ऐरणीवर आला. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी बहिष्कृतांची परिषद भरली. परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठवण्यात आली आणि जमाव मंडपावर चालून आला. घरी परतण्यापूर्वी जेवत असलेल्या माणसांना मारहाण झाली, त्यांचे अन्न मातीत मिसळले गेले. पाण्यावरून सुरू झालेल्या संघर्षाचा सूड अन्नावर उगवला गेला, हा योगायोग नव्हता. पाणी आणि शिजलेले अन्न ही एकाच कुंपणाची दोन टोके होती.

कुंपण मोडण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे. पण हे सारे बंद दाराआड चाले. १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली आणि आपली नावे उघड होतील या धास्तीने मंडळी विस्कळीत झाली. गुप्तपणे खाल्लेल्या पावाने उघड समाजात काहीच बदलले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सहभोजनाची मर्यादा स्पष्ट केली. अनेक जातींत एकमेकांत जेवणावळी होतात, तरी त्यांच्यातली जातिभावना मरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याही मुळाशी शास्त्रांच्या प्रामाण्याचा त्याग, अशी त्यांची मांडणी आहे. रेल्वेच्या प्रवासात माणूस जातीचा नियम मोडतो आणि पुढच्याच पावलावर तो पाळू लागतो, पण यात काही विसंगती आहे असा प्रश्न त्याला पडत नाही, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आहे.

दिवा-रोहा गाडीत मला हे रोज दिसते. पेणपासून रोह्यापर्यंत कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे पडेपर्यंत डबे उघडतात, घावनाचा तुकडा या हातातून त्या हातात जातो. स्थानकाबाहेरच्या गाडीवर नूडल्स परतणारा कोण, हे कोणी विचारत नाही, कारण तिथे पैसे दिले की नाते संपते. प्रश्न उपस्थित होतो तो नाते उरते तिथे. पूर्वी मी ज्या एका ठिकाणी शिकवत होते, तिथे माझ्या डब्यातले बिरडे सहकारी बायका आवडीने घेत. "वाटणात काय घालता हो?" असे दोनदा विचारूनही झाले होते. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मी बोलले आणि त्यानंतर त्यांचे उपास वाढले. सोमवार, गुरुवार, शनिवार, मग चतुर्थी. मसाला तोच होता, हातही तोच होता. त्यांच्या जिभेला काही कळले नव्हते. कळले ते कानाला.

२०१७ साली पुण्यात एका शास्त्रज्ञ महिलेने आपल्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध, ती ब्राह्मण नसून तिने जात लपवली, अशी फसवणुकीची तक्रार पोलिसांत केली. टीका झाल्यावर ती मागे घेण्यात आली. स्वयंपाक बिघडला होता अशी ती तक्रार नव्हती. विज्ञानाचे शिक्षण आणि पोटात गेलेले रुचकर अन्न, या दोहोंनाही जातीपुढे माघार घ्यावी लागली.

आपल्या बाजूनेही एक विचार स्पष्ट केला पाहिजे. मृतमांस आणि शिळे तुकडे सोडा, असे बाबासाहेबांनी महाडला सांगितले. तो आदेश चवीविरुद्ध नव्हता. हक्काच्या नावाखाली उष्टे पदरात घालणाऱ्या गुलामीविरुद्ध होता. तो पाळून आपल्या आयाबायांनी मोठा त्याग केला. परंतु त्या त्यागाबरोबर आपल्या जुन्या सर्वच अन्नाची लाज बाळगण्याचे कारण नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांची खाद्यसंस्कृती निःसंकोचपणे लिहून काढली. रायगडातल्या आपल्या घरांविषयी असे लेखन व्हायला हवे. माझी आई तेल नसताना सुकट कशी परतत असे, हे मी अजून वहीत उतरवलेले नाही. विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना मी सुरुवात आता तिथूनच करणार आहे.

दुसऱ्याचे अन्न आवडीने खाणे चांगलेच आहे. त्याने मनाची दारे किलकिली होतात. पण त्याला समता म्हणण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. ज्यांचा पदार्थ आपण चाखला, त्यांच्या घरी आपण बसलो का? त्यांनी दिलेले पाणी प्यालो का? ते आपल्या घरी आले तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत आले की बाहेरच्या खोलीतूनच परत गेले? आणि उद्या त्या घरातून मुलाला किंवा मुलीला स्थळ आले, तर आपण काय उत्तर देऊ? कार्यकर्त्यांनी सहभोजने जरूर भरवावीत. मात्र पंगत उठल्यावर हे प्रश्न तिथल्या प्रत्येकाने, आपण बौद्धांनीही कातकऱ्यांच्या संदर्भात, स्वतःला विचारावेत. त्यांची उत्तरे देता येत नाहीत तोवर सहभोजन हा वर्षातून एकदा होणारा कार्यक्रमच राहील.