दाखव पाहू बेटकुळी!

मंडळी, वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम. उजवा हात कोपरात वाकवा, मूठ घट्ट आवळा, दंड फुगवा. आली का बेटकुळी? झकास! हात तसाच ठेवा आणि पुढे वाचा.

उंदीर की बेडूक?
माहीत आहे का, इंग्रजीतला ‘मसल’ हा शब्द लॅटिन ‘मुस्कुलस’वरून आलाय आणि त्याचा अर्थ आहे चिमुकला उंदीर! कातडीखाली काहीतरी तुरुतुरु पळतंय, असं रोमनांना वाटलं. आपल्या पूर्वजांना मात्र दंडावर बेडूक टुणकन वर आलेला दिसला. म्हणून बेडकुळी, आणि बोलता बोलता बेटकुळी. हा बेडूक लक्षात ठेवा, तो पुन्हा उडी मारणार आहे.

स्नायूंची भाषांतर-कुस्ती
कोलकात्याच्या मित्राला ‘माझा स्नायू दुखतोय’ असं सांगू नका. बंगालीत ‘स्नायू’ म्हणजे मज्जातंतू! तुम्ही बाम मागाल, तो न्यूरॉलॉजिस्टचा नंबर पाठवेल.

तीन पेठा, तीन कारभार
शाळेत घोकलेलं आठवतंय? पट्टकी, अपट्टकी आणि हृदयाचे स्नायू. हाडांना जोडलेले पट्टकी स्नायू सहाशेहून जास्त, आणि ते आपलं ऐकतात. आतड्यातले नि रक्तवाहिन्यांतले अपट्टकी स्नायू कुणालाच विचारत नाहीत. ढोल-ताशा पथकाचा पहिला ठोका पडला की अंगावर काटा येतो ना? प्रत्येक केसाच्या मुळाशी बसलेल्या इवल्याशा अपट्टकी स्नायूची ही करामत. आता ठरवून काटा आणून दाखवा बरं!

१ ते ४ बंद? छे, त्याहून जास्त!
हृदय कधी विश्रांती घेत नाही म्हणतात. साफ चूक! मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद लागतात. त्यातले ०.३ सेकंद खालचे कप्पे आवळतात, उरलेले ०.५ सेकंद सैल पडतात. हिशोब मांडा : दिवसाला जवळपास १५ तास आराम, तोही हप्त्याहप्त्याने आणि लाखभर ठोके पुरे करून. दुपारी शटर पाडणारा पुणेकर दुकानदारही इथे हात टेकेल.

पंगतीतला शिंपी
शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू कोणता, माहीत आहे का? सार्टोरिअस! कमरेच्या हाडापासून निघून मांडीवरून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोहोचतो. लॅटिनमध्ये ‘सार्टोर’ म्हणजे शिंपी. जुने शिंपी मांडी घालून बसायचे, आणि मांडी घालायला हाच स्नायू मदत करतो. श्रीखंड-पुरीच्या पंगतीत बसाल तेव्हा त्यालाही एक वाटी वाढा.

कानातला मावळा
आणि पट्टकी स्नायूंत सगळ्यांत छोटा? कानातला स्टेपिडिअस, लांबी जेमतेम ६ मिलिमीटर. मोठा आवाज झाला की तो आवळतो आणि कानातल्या सर्वांत लहान हाडाची थरथर आवरतो. पण लक्ष्मी रोडवर ढोलांच्या पुढ्यात तासन् तास उभे राहाल, तर हा मावळा एकटा किती लढणार? कानात बोळे घाला!

डेक्कन क्वीनला ओव्हरटेक
१ जून १९३० रोजी सुरू झालेली आपली डेक्कन क्वीन १९२ किलोमीटरचं अंतर कापायला तीन तासांहून जास्त वेळ घेते. आपल्या सर्वांत वेगवान मज्जातंतूंतला संदेश सेकंदाला १२० मीटरपर्यंत पळतो. त्या वेगाने पुणे-मुंबई २७ मिनिटांत! मात्र टेबलाला करंगळी आपटल्यावरचा ठणका येतो पॅसेंजरने, सेकंदाला जेमतेम एखाद मीटर. म्हणून आधी ‘आपटलं’ हे कळतं आणि ‘आई गं!’ नंतर.

बेडकाची दुसरी उडी
शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांना झोपेत एक प्रयोग सुचला. उठून लिहून ठेवला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत पळाले. साल १९२१. दोन बेडकांची हृदयं घेतली. एकाचा मज्जातंतू छेडला, तसं ते मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्याला दिला, तर तेही मंदावलं! म्हणजे मज्जातंतू निरोप धाडतो तो रसायनाच्या हाती. त्याचं नाव असिटिलकोलीन. लोवींना १९३६चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत विभागून मिळालं. आत्ता तुमच्या दंडाला ‘आवळ’ म्हणून सांगतंय तेही हेच रसायन.

सिंहगडाचा सोमवार
रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढलात, पिठलं-भाकरी हाणली, उड्या मारत उतरलात. मग सोमवारी जिना उतरताना देव का आठवतो? दोष चढणीचा कमी, उताराचा जास्त! उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. लॅक्टिक ॲसिडवर उगाच आळ नको, ते तासाभरात आटोपतं.

तार तुटली, तरी सुवर्ण!
थोडं थांबूया. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. पाठीच्या कण्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पायांकडे निरोप जाईना, तेव्हा त्यांनी हातांवर भिस्त ठेवली. १९७२, हायडेलबर्ग पॅरालिम्पिक : ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, सुवर्णपदक! पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी, २०१८ साली पद्मश्री. टाळ्या!

जिमवाल्यांनो, ऐका
जिम लावून तीनच आठवडे झाले, वजन जास्त उचलता येतंय, पण आरशात फरक शून्य? माहीत आहे का, सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जातंतूंची असते. जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला ते शिकतात. दंड नंतर फुगतो, आधी वायरिंग सुधारतं.

अरेच्चा, तुमचा हात अजून वाकवलेलाच? सोडा, सोडा! आता तो जोर लावून सरळ करा. बेटकुळी बसली ना? पण हात सरळ केला तो तिने नव्हे. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. सरळ करायचं काम केलं दंडाच्या मागे लपलेल्या ट्रायसेप्सने, ज्याला आजवर कुणीही ‘दाखव पाहू’ म्हटलेलं नाही!